ठमीची खुर्ची, श्रावणातलं फोंडा आणि एक लोखंडी चिमटा

ठमीला दोन वर्षं पूर्ण झाली आणि विमान कंपन्यांच्या हिशेबात ती माणसांत आली. तोवर मांडीवर, आमच्या पट्ट्याला अडकवलेल्या छोट्या पट्ट्यात बसून ती एकदा नागपूरला जाऊन आली होती. आता पूर्ण तिकीट. नवरा म्हणाला, "एवढे पैसे भरतोय ना, मग ती सीटवर नीट बसलीही पाहिजे."

जायचं होतं गोव्यात फोंड्याला. आमचं कुळाचं दैवत मंगेश, कुळदेवी कवळ्याची शांतादुर्गा, आणि ठमीला अजून देवाच्या पायावर घातलेलं नव्हतं. सासूबाई दर सणाला आठवण करून देत होत्या. मागच्या वर्षी गाडीने निघालो होतो, पण आंबोली घाटात ठमीने चार वेळा उलटी केली आणि आम्ही सावंतवाडीहून परत फिरलो. म्हणून यंदा विमान, आणि गोव्यात उतरल्यावर भाड्याची गाडी.

प्रश्न होता कार सीटचा. आमच्या गाडीतली सीट गोल फिरते, आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना, खटकन बसते, खाली टेकूचा पाय आहे आणि वजनाला गॅसच्या रिकाम्या सिलिंडरच्या जवळ जाते. ती विमानात निरुपयोगी, कारण विमानाच्या सीटला आयसोफिक्स नसतं. तिथे फक्त कमरेवरचा पट्टा असतो. युरोपीय पद्धतीच्या बऱ्याच सीटना बसवायला खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा लागतो, त्यामुळे त्याही बाद. पाठीची टेकण नसलेली, मोठ्या मुलांची बूस्टर सीटही त्याच कारणाने बाद.

केअर्स नावाचा एक पट्टा मिळतो, जेमतेम अर्धा किलोचा. तो विमानाच्या सीटच्या पाठीला गुंडाळायचा, 10 ते 20 किलोच्या मुलासाठी. ठमी साडेबारा किलोची, म्हणजे चाललं असतं. पण हा पट्टा गाडीत चालत नाही, आणि आमचं विमान तासाभराचं, गाडी चार दिवसांची. इथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस मी विमानाची सीट शोधत होते. खरं तर शोधायची होती गोव्याच्या दाबोळी विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या, मी न पाहिलेल्या गाडीची सीट, जी जाता जाता विमानातही बांधता येईल.

शेवटी नणंदेकडची निघाली. तिने अमेरिकेहून परतताना आणलेली साधी, हलकी सीट, साडेचार किलोची. तोंड मागे किंवा पुढे, दोन्हीकडे करून बसवता येते. कडेला लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं, की ही मोटारीत आणि विमानात वापरायला प्रमाणित आहे. विमानात न्यायची असेल तर हे वाक्य आधी शोधा. युरोपातल्या काही सीटवर तशाच अर्थाचं वेगळं लेबल असतं. नुसता आर44 किंवा आर129 चा, म्हणजे युरोपातल्या मोटार-सीटच्या मानकांचा, शिक्का प्रत्येक विमान कंपनीला पुरेलच असं नाही. तारीखही पाहिली, कारण सीटच्या प्लॅस्टिकलाही वय असतं. नणंदेची सीट अपघातात सापडलेली नव्हती, हे मी तिला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती जरा रागावली.

भाड्याच्या गाडीसोबत सीटही मिळते, पण तिचा इतिहास कोणाला विचारायचा?

पहिला दिवस, रविवार

रुंदी मी टेपने मोजली होती, 17 इंच. विमानाच्या साध्या सीटवर हाताच्या दांड्यांमधलं अंतर साधारण 17 ते 18 इंच, म्हणजे घासून बसणार. कप ठेवायची कडी काढून घरीच ठेवली. विमान कंपनीला पंधरा दिवस आधी मेल करून सीटचा फोटो, मापं आणि लेबल पाठवलं होतं आणि "चालेल" असं उत्तर छापून घेतलं होतं. हा कागद पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दोनदा कामाला आला. काउंटरवरच्या मुलीने सीटला टॅग लावायला घेतलाच होता.

सुरक्षा तपासणीत सीट यंत्राच्या तोंडात अडकली. जवानाने ती हाताने तपासली, कव्हरखाली बोटं घातली आणि एक बिस्किट बाहेर काढलं. "ये भी जाएगा?" ठमीने ते त्याच्या हातातून घेतलं आणि खाल्लं. माझा इलाज नव्हता.

विमानात सीट खिडकीशीच लावावी लागते, म्हणजे बाहेर पडणाऱ्यांच्या वाटेत येत नाही. आणीबाणीच्या दाराच्या रांगेत आणि तिच्या पुढच्या-मागच्या रांगांत ती चालत नाही, म्हणून जागा आधीच बघून घ्या. सगळ्यांत पुढच्या रांगेत हाताचे दांडे वर होत नाहीत, रुंद सीट असेल तर तीही टाळा. आम्ही दांडा वर केला, ठमीचं तोंड पुढे करून सीट ठेवली, कमरेचा पट्टा मागच्या खाचेतून ओवला, नवऱ्याने गुडघा टेकवून तो ओढला. दोन मिनिटांत झालं. मी उगाच आठवडाभर झोप घालवली.

पुढच्या सीटवरच्या काकांच्या पाठीत ठमीचे बूट बसायला लागले. बूट काढले. मग मोजे बसायला लागले. काका वळून म्हणाले, "असू दे, पाठ धरलीच होती." अशी माणसं भेटली की प्रवास निम्मा सोपा होतो.

दाबोळीवर जोराचा पाऊस होता. वैमानिकाने सांगितलं, थोडा वेळ घिरट्या घालाव्या लागतील. वीस मिनिटं आम्ही राखाडी ढगांत हेलकावे खात होतो आणि ठमी "अजून झोका, अजून झोका" म्हणत होती. पलीकडे सात-आठ महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर होतं. प्रत्येक धक्क्याला ती दोन्ही हातांनी त्याला आवळत होती. नागपूरच्या वेळी तिच्या जागी मी होते. काही बोलायचं सुचलं नाही, पाण्याची बाटली तेवढी पुढे केली.

उतरल्यावर गंमत झाली. विमानाच्या पट्ट्याचं बकल ठमीच्या पाठीमागे, सीटच्या आत दबलेलं. ते उघडायला वरची झडप उचलावी लागते, आणि झडप उचलायला मधे जागाच नाही. सगळं विमान रिकामं झालं. नवरा सीटवर ओणवा, घामाघूम. शेवटी हवाईसुंदरीने बाही वर केली, हात घातला आणि खट्. म्हणाली, बांधतानाच बकलला अर्धा पीळ द्यायचा, म्हणजे झडपेचं तोंड मोकळ्या बाजूला येतं. ते टोचत असेल तर जोडपट्टा मागायचा, बकल बाजूला सरकतं. हे मी वाचलेल्या कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

बाहेर भाड्याची गाडी उभी होती, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी भाड्याने देऊ केली तर घेऊ नका, ते बेकायदा आहे. गाडीवाला पन्नाशीचा, छत्री मानेत धरून मोबाइलवर बोलणारा. त्याला वाटलं पाच मिनिटांत निघू. आम्ही चाळीस मिनिटं लावली.

कारण गाडीत ठमीला मागे तोंड करून बसवायचं होतं. जोरात ब्रेक लागला तर लहान मुलाचं जड डोकं पुढे फेकलं जातं. तोंड मागे असेल तर तो झटका मानेऐवजी सगळ्या पाठीवर पसरतो. म्हणून सीटच्या मापात बसेल तोवर असंच बसवतात, आणि तेही मागच्या सीटवरच. पुढे एअरबॅगसमोर कधीच नाही. पण दिशा बदलली की खांद्याचे पट्टेही बदलावे लागतात. तोंड पुढे असताना ते खांद्याच्या रेषेत किंवा वर, मागे असताना रेषेत किंवा खाली. महागड्या सीटमध्ये हे कळ दाबून होतं. आमच्या हलक्या सीटमध्ये पट्टे मागून सोडवून खालच्या भोकातून ओवायचे. पावसात, डिकीच्या झाकणाखाली उभं राहून.

ते जमलं. मग सीट बसवली, पट्टा ओवला, खटकन लावला, ओढला. हलवून पाहिली तर पेंगुळलेल्या म्हशीसारखी डोलली. परत ओढला, परत डोलली. नियम असा, की पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवलं तर सीट इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. ही वीतभर हलत होती. आमच्याकडच्या गाड्यांचा पट्टा झटका बसला तरच अडकतो, एरवी सैल सुटत राहतो. अमेरिकेतल्या गाड्यांत तो पूर्ण ओढला की कुलूप लागल्यासारखा अडकून राहतो, आणि तिथल्या सीट तो पट्टा गृहीत धरून बनवलेल्या. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "सीटच्या मागे एक लोखंडी चिमटा आहे बघ, एच अक्षरासारखा. फेकून दिलास की काय?"

चिमटा होता, पाठीमागच्या खोबणीत, माझ्या तळहाताएवढा. पट्टा लावून घट्ट ओढायचा, जिभेजवळ, म्हणजे बकलमध्ये शिरणाऱ्या पातीजवळ, कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पदर बोटांत चिमटून धरायचे, तसेच धरून बकल सोडायचं, जिभेपासून इंचभराच्या आत चिमटा दोन्ही पदरांवर चढवायचा, आणि पुन्हा लावायचं. नवऱ्याने पहिल्या खेपेला उलटा चढवला. दुसऱ्या खेपेला सीट अशी बसली की गाडी हलली पण सीट हलली नाही. गाडीवाला इतका वेळ छत्री आमच्यावर धरून उभा होता. म्हणाला, "पात्राव, ह्या एवढ्याशा तुकड्यावर सगळं?"

परदेशातली सीट आणणार असाल तर हा चिमटा आहे का ते आधी बघा. आणि घरच्या अंगणात एकदा बसवून बघा, आम्ही केलं नाही ते.

कुठ्ठाळीवरून निघालो. कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी. मंगेशाचं मूळ ठाणं इथलं. पोर्तुगीजांच्या धाकाने 1560 च्या सुमारास भक्तांनी देवाला जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेलं. शांतादुर्गाही अशीच, केळशीहून कवळ्याला गेली. तेव्हा अंत्रुज महाल, म्हणजे हा फोंड्याकडचा मुलुख, पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. बोरीच्या पुलावर नदी गढूळ आणि काठोकाठ भरली होती. सासूबाईंनी खिडकीतून हात जोडले. मी मागे बघितलं, ठमी झोपली होती, मान पाठीला टेकलेली.

दुसरा दिवस, श्रावणी सोमवार

नवऱ्याची आत्या फोंड्याला असते. सत्तरी ओलांडलेली, कौलारू घर, मागे माड आणि हळदीचे वाफे. तिला ठमीची खुर्ची बघवेना. "अगो, भुरगीला असं जखडून कशाला घालतेस? आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" मी म्हटलं, "आत्या, तुमच्या वेळी फोंड्यात मोटारी किती होत्या?" ती हसली, पण पटलं नाही. मंगेशीला जाताना ती मुद्दाम ठमीच्या शेजारी बसली आणि सगळी वाट तिचा हात धरून राहिली, म्हणजे बंदिवानाला तेवढाच आधार.

पावसाळ्यात मुलाला रेनकोट घालून कधी बांधू नये, हे आत्यासमोरच करून दाखवावं लागलं. जाड कपड्यावर पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्यात कपडा दबतो आणि पट्टा सैल पडतो. रेनकोट काढायचा, बांधायचं, गळपट्टीच्या हाडापाशी पट्ट्याची घडी चिमटीत धरून बघायची. घडी पकडता आली तर अजून ओढायचं. मग वाटल्यास रेनकोट उलटा, वरून पांघरायचा.

मंगेशीला सोमवारची गर्दी होती. सात मजल्यांचा पांढरा दीपस्तंभ पावसाने न्हाऊन निघाला होता, फरशीवर पाणी, अनवाणी पावलं, ओल्या रेशमाचा आणि जायांचा वास. दारात एक बाई जायांचे वळेसर विकत होती. तिने एक ठमीच्या शेंडीला न विचारता माळला आणि पैसे घेईना. ठमीला देवापुढे घातलं तेव्हा ती रडली नाही, उताणी होऊन छताची झुंबरं मोजत बसली. तिला दोनपर्यंतच येतं. सासूबाईंचे मात्र डोळे भरले.

परतीला फर्मागुडीजवळ पोलिसांनी हात केला. काळ्या पाटीच्या गाड्या इथे अधूनमधून थांबवतातच, कागद हाताशी ठेवा. हवालदाराने कागद बघितले, मग काचेतून आत डोकावला. ठमीने त्याला टाटा केला. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालसीटशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड आहे, कलम 194 ब. नवऱ्याने ते त्याला ऐकवायला सुरुवात केली. हवालदार म्हणाला, "ते मला माहीत आहे हो, ही केवढ्याला मिळते ते सांगा."

दुपारी आत्याकडे उकड्या तांदळाची पेज, खतखतें, तायकिळ्याची भाजी, सोलकढी. खतखतातल्या तेफळाने जीभ बधिर झाली. ठमीने तीन वाट्या पेज प्यायली, जी बाई घरी एक घास वरणभात खायला तास लावते.

तिसरा दिवस, नागपंचमी

सकाळभर पातोळ्या. आत्या वाफ्यातून हळदीची पानं कापून आणते, पुसते, पानावर वाटलेल्या तांदळाचं पीठ बोटांनी पातळ पसरते. मधे खोबरं आणि माडाचा गूळ, पान दुमडायचं, चाळणीत उभी रचायची, वाफवायची. झाकण उघडलं की जो वास येतो तो लिहिता येत नाही. गरम पान सोलताना पातोळीवर पानाच्या शिरा उमटलेल्या दिसतात. ठमीने पानासकट चावली.

दुपारी पणजीला जायला निघालो आणि खुर्ची बघून ठमीने अंग धनुष्यासारखं ताठ केलं. ताठलेल्या मुलाला कोणीही बांधू शकत नाही. कुशीत हलकेच गुदगुल्या केल्या की कंबर वाकते, तेवढ्यात बकल. हे ज्ञान मला पाळणाघरातल्या मावशींनी दिलं. रस्ताभर मी तिच्यासमोर पातोळीचं पान हलवत होते. सीटवर गूळ, पट्ट्याला गूळ, बकलमध्ये गूळ.

जुन्या गोव्यावरून रायबंदरचा बांध लागला. 1630 च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला तीनेक किलोमीटरचा रस्ता, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरांची आणि चिखलाची सपाटी. पाऊस आडवा येत होता. मिरामारला लाल झेंडे, पाण्याजवळ जायचं नाही. आम्ही गाडीतच बसून मिरचीची भजी खाल्ली आणि परत फिरलो. फार काही पाहिलं नाही, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटलं नाही.

चौथा दिवस, बुधवार

कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरून थेट दाबोळी. तेच छापलेलं पत्र दाखवलं, पण या वेळी दारावरच्या कर्मचाऱ्याने मान हलवली. सीट सामानात टाका. मी म्हटलं, येताना याच कंपनीने नेली. तो म्हणाला, तिकडचं मला माहीत नाही. मागे रांग, ठमीची दुपारची झोप मोडलेली. आम्ही हरलो. सीटला टॅग लागला, पिशवी नव्हती. खिडकीतून बघत होते, सामानाच्या गाड्यावर सर्वांत वर आमची सीट, तोंड आकाशाकडे, आणि वरून संततधार.

ठमी विमानाच्या पट्ट्यात बसली, पट्टा पोटावर. तासाभरात तीनदा खाली सरकली. काही झालं नाही. पण जाताना जो निर्धास्तपणा होता तो नव्हता.

पुण्यात सामानाच्या पट्ट्यावर सीट आली ती पाणी गळत. सासरे आमच्या गाडीतली फिरकी सीट घेऊन न्यायला आले होते म्हणून निभावलं. म्हणून दोन गोष्टी सांगते. कागद असला तरी सोबत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवाच. आणि सामानातून आलेली सीट लगेच वापरू नका, कव्हर काढून खालचं प्लॅस्टिक बघा. चीर किंवा वाकून पांढरी पडलेली रेघ दिसली तर ती सीट संपली. आमची वाचली. बकल कोमट पाण्यात बुडवून हलवलं तेव्हा गुळाचा चोथा आणि वाळू निघाली. साबण किंवा तेल घालायचं नाही. सगळी सीट गॅलरीत चार दिवस वाळत होती. पट्टे धुऊन पिळायचे नसतात, नुसते पुसायचे, हे सासूबाईंना सांगेपर्यंत त्यांनी बादली भरलीच होती.

परतल्यापासून पाचव्या दिवशी सीट नणंदेला परत करायला घेतली तर मागची खोबणी रिकामी. चिमटा भाड्याच्या गाडीतच राहिला होता. गाडीवाल्याला फोन करायच्या आधी त्याचाच आला. "ताई, तुमचो तो तुकडो माझ्याकडे आहे. फोंड्याच्या तुमच्या आत्यांकडे पोचवतो."

चिमटा रात्रीच्या बसने आला. आत्याने डबा दिला होता, आत आमसुलं, हळदीची चार पानं, आणि तळाशी कागदात गुंडाळलेला चिमटा. बसवाल्याने पार्सलचे शंभर रुपये घेतले. आता तो दोऱ्याने सीटला बांधून ठेवला आहे. नणंदेने विचारलं, दोरा कशाला? म्हटलं, तुझा भाऊ आहे म्हणून.